महसूलमंत्री श्रीमती शालिनीताई पाटील

गेल्या सत्रांत व्याकरणाच्या तासाला लिंगविचार चालला असतां एका मुलीनें विचारलें, "सर, ‘मंत्री’ ह्या शब्दाचें स्त्रीलिंग काय?" वर्गांतून दोनचार उत्तरें एकदमच निघालीं. कोणी ‘मंत्रीण’ म्हणालें, कोणी ‘मंत्रिणी’, आणि मागल्या बाकावरच्या एका विद्यार्थ्यानें ‘मंत्रीणबाई’ असें सांगून सर्वांस हंसविलें. आपल्या भाषेंत पाटलाची पत्नी ती पाटलीण, देशमुखाची ती देशमुखीण, मास्तरांची ती मास्तरीणबाई. म्हणजे अधिकार पतीचा आणि प्रत्यय तेवढा पत्नीचा. मंत्रिपदाला मात्र हा प्रत्यय चालत नाहीं. स्त्री त्या पदावर बसली तर तीहि ‘मंत्री’च. त्या दिवशीं उदाहरणादाखल जें नांव मीं फळ्यावर लिहिलें, त्या श्रीमती शालिनीताई पाटील ह्यांच्या सार्वजनिक जीवनाचा परिचय विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना करून द्यावा, हा ह्या लेखाचा हेतु आहे.

आधीं मुलुखाविषयीं थोडें. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत, पण १९४९ मध्यें जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे भाग पडले आणि १९६० मध्यें दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव मिळालें, एवढाच हा वेगळेपणा. कृष्णामाई दोहोंतून वाहते. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांचें प्रतिसरकार ह्याच खोऱ्यांत चाललें. त्याच वर्षीं २४ जुलै रोजीं वसंतदादा पाटील सहकाऱ्यांसह सांगलीच्या तुरुंगांतून निसटले आणि गोळी लागून पुन्हां पकडले गेले. तुरुंग फोडणारा हा पुरुष स्वराज्यांत सहकारी साखर कारखानदारीचा एक आधारस्तंभ झाला व १९७७ मध्यें राज्याचा मुख्यमंत्री झाला. शालिनीताई ह्या त्यांच्या द्वितीय पत्नी होत.

कित्येक चरित्रलेखक कर्तबगार स्त्रियांचे पति व पिते ह्यांना पहिल्याच पानावर आटोपते घेतात. जणुं त्यांच्या उल्लेखानें त्या स्त्रीचें मोठेपण उणें होणार आहे. मला तें प्रशस्त वाटत नाहीं. शालिनीताई ह्या एका मोठ्या राजकीय घराण्याच्या दारांतून राजकारणांत आल्या, हें उघड आहे. प्रश्न असा आहे कीं त्या काळीं आपल्या भागांत स्त्रीला दुसरें दार होतें तरी कोठें? येथील पुढाऱ्यांच्या पायऱ्या ठरलेल्या असत. गांवची विकास सोसायटी, साखर कारखाना, जिल्हा बँक, जिल्हा परिषद आणि मग विधिमंडळ. आतां पाहा, सोसायटीचें सभासदत्व मिळतें जमिनीच्या उताऱ्यावर. कारखान्याचा भाग मिळतो ऊस लावणाऱ्या खातेदाराला. ऊस खुरपणारी, पाणी पाजणारी, मोळ्या बांधणारी बाई खातेदार नसे. जिच्या नांवावर गुंठाभर जमीन नाहीं, तिला पहिल्या पायरीवरच पाय ठेवतां येत नसे. मग वरच्या पायऱ्यांची गोष्टच दूर. स्त्रियांसाठीं पंचायतींतून राखीव जागा झाल्या त्या १९९० नंतर. त्याआधीं जी कोणी वर पोंचली ती बहुधा घरच्या नांवाचें बोट धरूनच पोंचली. बोट सुटल्यावर ती चालली किंवा नाहीं, हें पाहूनच तिचें मोल करावें.

जून १९८० मध्यें बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या मंत्रिमंडळांत शालिनीताईंकडे महसूल खातें आलें. आपल्याकडे स्त्री मंत्री झाली कीं तिला समाजकल्याण, महिला व बालकें, फार तर आरोग्य अशीं खातीं देण्याची रीत आहे. तीं खातीं हलकीं आहेत असें नव्हे. परंतु तीं देणाऱ्याच्या मनांत स्त्री म्हणजे घर आणि घर म्हणजे मुलें व आजारीपण, असें एक समीकरण असतें. महसूल खातें ह्या समीकरणांत बसत नाहीं.

महसूल म्हटलें कीं मुलांना शेतसारा आठवतो. तो तर आतां नांवापुरताच राहिला आहे. हें खातें म्हणजे वस्तुतः जमिनीचें दप्तर. गांवोगांवचा तलाठी, ज्याला अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याच्यावर मंडळ अधिकारी, त्याच्यावर तहसीलदार, मग प्रांत, मग जिल्हाधिकारी व विभागाचे आयुक्त. आणि ह्या साऱ्या उतरंडीच्या शिरोभागीं मंत्री. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ह्या कायद्यान्वयें कोणाची जमीन किती, तिचा वारस कोण, शेतीच्या जमिनीवर घर बांधावयाचें तर परवाना कसा, गायरान कोणी बळकावलें, ह्या सर्व गोष्टींचा निवाडा येथें होतो. माण, खटाव, आटपाडी, जत ह्या दुष्काळी तालुक्यांतील मुलांनीं पैसेवारी हा शब्द ऐकलेला असेल. पीक रुपयांत किती पैसे आलें हें ठरवून दुष्काळाच्या सवलती द्यावयाच्या, तें कामहि ह्याच खात्याचें. धरणाखालीं गेलेल्या गांवांना नवी जमीन शोधून द्यावयाची झाली तर मोजणीची सांखळी ह्याच खात्याच्या माणसांच्या हातीं असते. त्याच मंत्रिमंडळाच्या काळांत, १ मे १९८१ रोजीं, जालना व सिंधुदुर्ग हे दोन नवे जिल्हे निर्माण झाले. आणि निराधार व विधवा स्त्रियांना दरमहा साहाय्य देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्यें सुरू झाली, तिचे अर्जहि तहसील कचेरींतच द्यावे लागत.

आतां ह्या दप्तरांतला एक कागद पाहूं. गांव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची ह्याची नोंद आणि गांव नमुना बारा म्हणजे तींत पीक कोणतें ह्याची नोंद. दोन्ही मिळून आपला सातबारा. १९८० सालीं महाराष्ट्रांतले सातबारे उघडून पाहिले असते तर त्यांवर स्त्रियांचीं नांवें विरळाच आढळलीं असतीं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीला बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतींत वांटा दिला खरा. परंतु वडिलोपार्जित एकत्र जमिनींत मुलाला जन्मतःच जो हिस्सा मिळे तो मुलीला नव्हता. म्हणजे साऱ्या राज्याच्या जमिनीचें दप्तर एका स्त्रीच्या हातीं आलें, आणि त्या दप्तरांत स्त्री जवळजवळ नव्हतीच! शालिनीताईंच्या कारकीर्दींतली ही विलक्षण गोष्ट मला सर्वांत अधिक विचार करावयास लावते. त्यांनीं ही स्थिति पालटली काय? नाहीं, आणि वारसा कायदा हा एका महसूलमंत्र्याच्या सहीनें पालटणारा विषयहि नव्हता.

येथें आपल्या ख्रिस्ती पालकांसाठीं एक गोष्ट नमूद करतों. आपणांस लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यांत मुलगा व मुलगी असा भेद नाहीं. बापाच्या पश्चात् दोघांचा वांटा सारखा. म्हणून आपल्या घरांतल्या बहिणींना वांटा मिळतोच, असें मात्र कोणी समजूं नये.

दूरच्या एका देशांत हीच गोष्ट निराळ्या वेषांत घडलेली दिसते. पॅसिफिक महासागरांत हवाई, न्यूझीलंड व ईस्टर बेट हे तीन कोपरे धरून जो विस्तीर्ण त्रिकोण होतो त्याला पॉलिनेशिया, म्हणजे पुष्कळ बेटांचा प्रदेश, असें म्हणतात. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी जे माओरी ते ह्याच वंशाचे. त्या देशानें १८९३ मध्यें, साऱ्या जगाच्या आधीं, स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकींत मताचा हक्क दिला. तरीहि पहिली माओरी स्त्री पार्लमेंटांत बसली ती १९४९ मध्यें. तिचें नांव इरियाका राटाना. पतीच्या निधनानें रिकाम्या झालेल्या जागेवर ती निवडून आली. पुढें १९६७ मध्यें पित्याच्या निधनानें रिकाम्या झालेल्या जागेवर फेटू टिरिकाटेने-सलिव्हन निवडून आल्या. फेटू म्हणजे त्यांच्या भाषेंत तारा. त्यांचा जन्म १९३२ चा. १९७२ मध्यें त्या पर्यटनमंत्री झाल्या. मंत्रिमंडळांत बसलेली ती पहिली माओरी स्त्री. पुढें पर्यावरण खातेंहि त्यांनीं सांभाळलें आणि १९९६ पर्यंत, एकोणतीस वर्षें, त्या पार्लमेंटांत होत्या. तेथेंहि दार घरचेंच होतें, हें ध्यानांत घ्यावें.

फेटूबाई मंत्री असतांनाच १९७५ मध्यें माओरी लोकांची एक मोठी पदयात्रा निघाली. गोऱ्या वसाहतवाल्यांनीं विकत घेऊन, कायद्यानें हिरावून, कधीं सरळ जप्त करून माओरींची बहुतेक जमीन नेली होती. आतां एक एकरहि जाऊं द्यावयाची नाहीं, ही त्या यात्रेची घोषणा. उत्तर टोंकापासून राजधानी वेलिंग्टनपर्यंत सुमारें हजार किलोमीटर चाललेल्या त्या यात्रेच्या अग्रभागीं फिना कूपर नांवाची एकोणऐंशी वर्षांची वृद्धा होती. एक माओरी स्त्री मंत्र्याच्या खुर्चींत आणि दुसरी काठी टेंकीत रस्त्यावर. जमिनीच्या प्रश्नाला दोघीहि लागतात.

आपल्याकडेहि रस्त्यावरच्या बाजूची उणीव नव्हती. कासेगांवच्या इंदुताई पाटणकर ह्या प्रतिसरकारच्या काळापासूनच्या कार्यकर्त्या. १९८० नंतरच्या दशकांत सांगली जिल्ह्यांत परित्यक्ता स्त्रियांची जी चळवळ उभी राहिली तिच्या त्या अग्रणी होत्या. नवऱ्यानें टाकलेली बाई ना सासरच्या शिधापत्रिकेवर, ना माहेरच्या. तिला स्वतःची शिधापत्रिका मिळावी, राहण्यापुरती जागा मिळावी, एवढें मागणें. तें मागणें घेऊन ह्या स्त्रिया ज्या कचेरीच्या पायऱ्या चढत ती कचेरी तहसीलदाराची.

शालिनीताईंचें महसूल खातें फार काळ टिकलें नाहीं. मुख्यमंत्र्यांशीं त्यांचे मतभेद झाले, ते चार भिंतींच्या आड राहिले नाहींत, आणि त्या मंत्रिमंडळाचा अंत होण्यापूर्वींच त्यांस पद सोडावें लागलें. जानेवारी १९८२ मध्यें अंतुले ह्यांनींहि राजीनामा दिला. मनांत आलें तें बोलून टाकण्याचा शालिनीताईंचा स्वभाव सर्वश्रुत होता. तोच पुरुषाच्या ठिकाणीं असता तर ‘रोखठोक’ म्हणून वाखाणला गेला असता. स्त्रीच्या ठिकाणीं त्याला आपण तोंडाळपणा म्हणतों. असो.

फेब्रुवारी १९८३ मध्यें वसंतदादा पुन्हां मुख्यमंत्री झाले व सांगलीची त्यांची लोकसभेची जागा रिकामी झाली. त्या पोटनिवडणुकींत शालिनीताई निवडून आल्या आणि १९८४ अखेरपर्यंत सांगलीच्या खासदार राहिल्या. पुढच्या निवडणुकींत ती जागा दादांचे चिरंजीव प्रकाशबापू ह्यांच्याकडे गेली. १ मार्च १९८९ रोजीं वसंतदादा निवर्तले.

घरच्या नांवाचें बोट येथें सुटलें. अनेकांची कथा अशा ठिकाणीं संपते; शालिनीताईंची संपली नाहीं. सांगलीचें क्षेत्र सोडून त्या सातारा जिल्ह्यांतील कोरेगांवांत उभ्या राहिल्या आणि १९९९ व २००४ अशा दोन निवडणुकींत तेथून आमदार झाल्या. वय त्या वेळीं साठीच्या पुढें गेलेलें. विशेष हें कीं ज्या शरद पवार ह्यांनीं १९७८ मध्यें वसंतदादांचें सरकार पाडलें, त्यांनींच १९९९ मध्यें स्थापन केलेल्या पक्षाच्या त्या उमेदवार होत्या. राजकारणांत असें घडतें. विद्यार्थ्यांनीं त्याचें आश्चर्य करावें, पण फार काळ करूं नये.

कोरेगांवच्या उशाला जरंडेश्वराचा डोंगर आहे. त्यावरील मारुतीच्या दर्शनाला दूरदूरचे लोक येतात. ह्या दैवताच्या नांवानें चिमणगांव येथें सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो शालिनीताईंच्या पुढाकारानें. सांगलींत कारखाना काढणें म्हणजे दादांच्या वाटेवरून चालणें. कोरेगांव तालुक्यांत काढणें म्हणजे स्वतःची वाट पाडणें. तो चालला, पण कर्जांत बुडाला. २०१० मध्यें राज्य सहकारी बँकेनें थकलेल्या कर्जापायीं त्याचा लिलाव केला व तो खासगी मालकीकडे गेला. हा लिलाव अन्यायाचा आहे, कारखाना सभासद शेतकऱ्यांचा आहे, असें म्हणत शालिनीताई न्यायालयांत गेल्या. जुलै २०२१ मध्यें अंमलबजावणी संचालनालयानें त्या कारखान्याच्या मालमत्तेवर टांच आणली तेव्हां हें प्रकरण पुन्हां साऱ्या वर्तमानपत्रांत गाजलें. तेव्हां त्यांचें वय नव्वदीच्या घरांत होतें, आणि दहा वर्षांपूर्वींची आपली तक्रार त्या तितक्याच जोरानें मांडीत होत्या. कारखान्याच्या भागासाठीं पैसे भरणाऱ्या सभासदांत आपल्या शाळेंतील कांहीं मुलांचे आजोबा असतील. त्यांस विचारल्यास ह्या कथेचीं आणखी पानें हातीं लागतील.

ह्या आमदारकीच्या दुसऱ्या पर्वांतच त्यांनीं आणखी एक वाद ओढवून घेतला. राखीव जागा जातीवर न देतां आर्थिक स्थितीवर द्याव्या, असें त्यांनीं जाहीरपणें मांडलें व पक्षानें त्यांस दूर केलें. त्यावर त्यांनीं क्रांतिसेना नांवाची स्वतःची संघटना काढली. २००९ च्या निवडणुकींत मात्र कोरेगांवांत त्यांचा पराभव झाला. त्यांचें हें मत प्रस्तुत लेखकास पटत नाहीं. गरिबी ही एका पिढींत येते आणि जाते. विहिरीवर पाणी भरूं न देणें, शाळेंत वेगळें बसविणें हें गरिबीमुळें घडलेलें नव्हतें, आणि घटनेंतील राखीव जागा त्या अन्यायावरचा उपाय म्हणून आल्या. ज्या शाळांचीं दारें सर्व जातींच्या मुलांना उघडीं राहिलीं, त्या शाळांतल्या मुलांना हें सांगावें लागूं नये. परंतु आमदारकी धोक्यांत आहे हें दिसत असतांहि आपलें मत गिळावयाचें नाहीं, हा गुण मत पटलें नाहीं तरी दिसतोच.

इकडे दप्तरांतला तो कागद हळूहळू पालटत होता. १९९२ मध्यें लक्ष्मीमुक्ति योजनेनें पतीला आपल्या हयातींत पत्नीचें नांव सातबाऱ्यावर लावून घेण्याची सोय झाली. शेतकरी संघटनेनें ती मोहीम आधींच गांवोगांव चालविली होती. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राच्या कायद्यानें मुलीला वडिलोपार्जित मिळकतींत जन्मतः हिस्सा मिळाला, पण त्या तारखेपूर्वीं लग्न झालेल्या मुली वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ रोजीं केंद्राच्या कायद्यानें ही अटहि गेली. आणि वडील त्या दिवशीं हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेंच आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२० मध्यें स्पष्ट केलें. कायदा येथपर्यंत आला. त्याच्या पुढें हक्कसोडपत्र नांवाचा एक कागद असतो. भाऊ बहिणीला तालुक्याला नेतो, साडीचोळी करतो, आणि ती माहेर तुटूं नये म्हणून सही करते.

व्याकरणाच्या त्या तासानंतर मीं मुलांना घरचा सातबारा पाहून येण्यास सांगितलें होतें. ज्या मुलीनें स्त्रीलिंग विचारलें होतें ती आपल्या आजोबांच्या शेताचा उतारा संगणकावरून काढून घेऊन आली. मालकांच्या रकान्यांत तिचे वडील व चुलते; ‘इतर हक्क’ ह्या रकान्यांत तिच्या दोन आत्यांचीं नांवें, तींहि कंसांत. "सर, हा कंस कशाचा?" तिनें विचारलें. नोंद कमी झाली म्हणजे नांवाला कंस करतात, आणि कोणत्या फेरफारानें ती कमी झाली त्याचा क्रमांक तेथें असतो, असें मीं सांगितलें. तिनें तो क्रमांक शोधला आणि आपल्या वहीच्या मागच्या पानावर उतरून घेतला.